पहिलं ऑइल डोळ्यांदेखत बदला

वापरलेली स्पोर्ट्‌स कार दारात आली की नव्या मालकाचे हात शिवशिवायला लागतात. नवी चाकं, एक्झॉस्ट, सिरॅमिक कोटिंग अशी यादी वाढत जाते. इंजिन ऑइल मात्र ‘मागच्याच महिन्यात बदललंय’ या विकणाऱ्याच्या एका वाक्यावर सोडून दिलं जातं. ते वाक्य खरंही असेल. पण कोणतं ऑइल घातलं, फिल्टर बदलला की नाही, काढलेल्या ऑइलमध्ये काय दिसलं, हे त्याला विचारा. बहुतेकदा उत्तर मिळत नाही. म्हणून गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या आठवड्यातच ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या आणि ते काम चालू असताना स्वतः तिथे उभे राहा. ऑइलचा खर्च वर्षातून एकदा करायचाच आहे. तो आधी केला, तर त्याच पैशांत इंजिनाची खरी हकिकतही कळते.

बोलणं मोघम राहू नये म्हणून एक गाडी समोर धरू: पोर्शे बॉक्स्टर. ही गाडी १९९६ साली आली. ‘९८६’ या आकड्याने ओळखली जाणारी पहिली पिढी २००४ पर्यंत चालली, त्यानंतर ‘९८७’ आली. अमेरिका, ब्रिटन, जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना ९८६ पोर्शेच्या मानाने कमी पैशांत मिळून जाते. भारतात ती क्वचित दिसते. इथे हाताला लागतात त्या ९८७ आणि नंतरच्या बॉक्स्टर किंवा तिची बंद टपाची बहीण केमन. घ्यायला परवडली तरी इंजिन गेलं तर दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो. त्यामुळे इथे चौकशीला किंमत आहे.

या गाडीत इंजिन सीटच्या मागे, मधोमध बसवलेलं आहे. बॉनेट उघडून ते दिसत नाही. मागची डिकी उघडली की ऑइल भरायचं आणि कूलंट भरायचं अशी दोन झाकणं जवळजवळ दिसतात, बस्स. झाकणावरचं चिन्ह वाचल्याशिवाय बाटली उलटी करू नका. कूलंटच्या टाकीत ऑइल गेलं, तर ते धुऊन काढण्यात दिवस जातात.

किलोमीटर कमी, ऑइल जुनं

जाहिरातीत ‘फक्त २५ हजार किलोमीटर’ वाचून आपण हुरळतो. ऑइलच्या दृष्टीने ही नेहमीच चांगली खूण नसते. अशी गाडी आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून उभी असते आणि रविवारी चार किलोमीटरवर कॉफी प्यायला जाऊन परत येते. कूलंटचा काटा लवकर मधोमध येतो, पण आठ-नऊ लिटर ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. ऑइल पुरतं तापलं नाही, तर त्यात उतरलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही. ओल साठते, आम्ल तयार होतं, ऑइलमधली संरक्षक रसायनं खर्च होतात. कोकणात किंवा मुंबईत चार महिने पावसाळा खाल्लेल्या गाडीत हे आणखी जाणवतं. त्यामुळे किलोमीटर कितीही कमी असोत, अशा गाडीचं ऑइल वर्षाला बदललंच पाहिजे. सर्व्हिस बुकवर शिक्के असतील तर सोबतची बिलंही मागा. बिलावर ऑइलचा दर्जा, लिटर आणि फिल्टरचा नंबर असतो. शिक्क्यावर त्यातलं काहीच नसतं.

काढण्याआधी काय पाहायचं

गाडी सपाट जागेवर उभी करा आणि आधी पातळी बघा. ९८६ मध्ये ऑइल गेज, म्हणजे पातळी पाहायची पट्टी, आहे. ९८७ मध्ये ती नाही. तिथे पातळी डॅशबोर्डवरच बघावी लागते आणि त्यासाठी इंजिन गरम असणं, बंद असणं आणि पुस्तकात सांगितलेला वेळ थांबणं गरजेचं असतं. पातळी अगदी तळाला असेल तर मागच्या मालकाने लक्ष दिलेलं नाही, किंवा इंजिन ऑइल पितंय. यातलं काय ते पुढच्या हजार किलोमीटरमध्ये कळेल. आज फक्त आकडा लिहून ठेवा.

मग झाकण काढून आतून बघा. झाकणाला आणि भरायच्या नळीच्या तोंडाशी पिवळसर साय जमली असेल तर लगेच घाबरू नका. थोडं थोडं फिरून उभ्या राहणाऱ्या बॉक्स्टरमध्ये, विशेषतः थंडीत, ओल तिथे साचून अशी साय धरते. मात्र पट्टीवरचं किंवा खाली काढलेलं ऑइलच दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं, किंवा कूलंटच्या टाकीत तेलकट थर तरंगत असला, तर ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळतायत. ऑइल कूलर फुटला असेल किंवा सिलिंडर हेडला तडा असेल. अशा वेळी गाडी चालवू नका, टो करून न्या.

ऑइलचा वासही घ्या. पेट्रोलचा वास स्पष्ट येत असेल तर एखादा इंजेक्टर किंवा सेन्सर बिघडलेला असू शकतो. ऑइल नुसतं काळं दिसलं म्हणून मात्र काही बिघडत नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

कोणतं ऑइल, कुठून

डब्यावरच्या ‘रेसिंग’ अशा शब्दांकडे पाहू नका. पाहायचं ते कंपनीच्या मान्यतेकडे. या बॉक्स्टरच्या पेट्रोल इंजिनांना पोर्शेची ‘ए४०’ मान्यता असलेलं पूर्ण सिंथेटिक ऑइल चालतं, ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० दर्जाचं. यातला ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा ४० गरम इंजिनात त्याचा दाटपणा किती टिकतो ते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुसरा आकडा महत्त्वाचा, आणि तो ४० च ठेवा. ‘सी३०’ ही पोर्शेचीच दुसरी मान्यता आहे, पण ती काही केयेन आणि डिझेल इंजिनांसाठी; नाव एकच म्हणून तो डबा उचलू नका. ‘जुनं इंजिन आहे, २०डब्ल्यू-५० टाका, आवाज कमी होईल’ असं सांगणारे गॅरेजवाले भेटतील. आवाज कमी होईलही. पण सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचेल, आणि इंजिन सर्वांत जास्त झिजतं ते त्याच सेकंदांत.

या सहा सिलिंडरच्या इंजिनात साधारण आठ ते नऊ लिटर ऑइल लागतं. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. तो पुस्तकातूनच घ्या. रोजच्या छोट्या पेट्रोल गाडीला तीन-चार लिटर पुरतं, त्यामुळे सवयीने एकच मोठा डबा आणला तर काम अर्ध्यावर अडेल.

बनावट ऑइल हा आपल्या बाजारातला जुनाच रोग आहे. नावाजलेल्या ब्रँडचे रिकामे डबे गोळा होतात आणि त्यात भलतंच ऑइल भरून ते पुन्हा विकले जातात. म्हणून ऑइल अधिकृत वितरकाकडून, बिलासह घ्या. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. काम झाल्यावर रिकाम्या डब्यांना स्क्रू ड्रायव्हरने भोकं पाडा. गॅरेजमधल्या पोराला ते खटकलं तरी हरकत नाही.

गाडी उचलताना

स्पोर्ट्‌स कार जमिनीला इतकी चिकटलेली असते की साधा जॅक खाली जातच नाही. सोसायटीच्या आवारात लाकडी फळ्यांवर चाकं चढवून, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरण्याचं धाडस करू नका. जॅकवर गाडी उचलायची असते, तिच्याखाली काम करायचं ते स्टँड लावूनच. जॅकही ठरवून दिलेल्या चार बिंदूंवरच लावा, इंजिनाच्या चेंबरखाली कधीही नाही. आणि गाडी चारही बाजूंनी सारखी वर हवी. पुढून उचलली आणि मागे टेकलेली राहिली, तर चेंबरमधलं ऑइल पूर्ण निघत नाही.

सोपा मार्ग म्हणजे लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये जाणं. कामाचे पैसे द्या, पण ‘मी समोर थांबणार, जुना फिल्टर मला परत पाहिजे’ हे आधीच सांगा. कोणत्याही चांगल्या मेकॅनिकला हे आवडतं. ज्याला आवडत नाही, त्याच्याकडे गाडी सोडू नका. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल, तर काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या.

लिफ्टवर गाडी गेली की टॉर्च घेऊन खालून एक चक्कर मारा. आपल्या स्पीडब्रेकरनी पोट घासलेलं असतंच. चेंबरला खोल ओरखडे, ठेचलेला ड्रेन प्लग, कुठे सीलंटचा ओबडधोबड लेप दिसतो का ते बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे ऑइलचा ओलावा दिसू शकतो. या इंजिनांमध्ये क्रँकशाफ्टचं मागचं सील पाझरणं ही जुनी तक्रार आहे. जागा स्वच्छ पुसून आठवड्याने पुन्हा बघा. नुसती ओल असेल तर क्लचच्या कामापर्यंत थांबता येतं; जमिनीवर थेंब पडत असतील तर थांबू नका.

ऑइल काढताना

इंजिन आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून कोमट करा. कोमट ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येतं. उकळतं ऑइल हात भाजतं. हातमोजे घाला आणि डिकीतलं भरायचं झाकण सैल करा.

खाली दोन वेगवेगळे प्लग असतात: इंजिनाचा आणि मागच्या गिअरबॉक्सचा. नवख्या हाताने गिअरबॉक्स रिकामा केल्याचे किस्से अनेक आहेत. कोणता कुठला हे पक्कं करूनच पाना लावा. इथे वर्णन केलेल्या ९८६ आणि सुरुवातीच्या ९८७ मध्ये ड्रेन प्लगला ८ मिलिमीटरची ॲलन चावी लागते. चावी पूर्ण खोल बसली आहे याची खात्री करा, नाहीतर प्लगचं डोकं गोल होऊन बसेल. खालचं भांडं किमान दहा लिटरचं हवं. प्लग निघाल्यावर धार आधी तिरकी, लांब पडते आणि ओसरत सरळ खाली येते. भांडं त्याप्रमाणे सरकवावं लागतं.

धार मध्यावर आली की एका स्वच्छ, कोरड्या बाटलीत शंभरेक मिलिलिटर ऑइल घेऊन ठेवा. पहिली धार आणि शेवटची धार नमुन्यासाठी नको, त्यांत तळाचा गाळ असतो. हा नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम यांचं प्रमाण झीज सांगतं. सिलिकॉन वाढलेलं असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत येत असावी. सोडियम-पोटॅशियम कूलंटकडे बोट दाखवतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनची ब्लॅकस्टोन लॅबोरेटरीज हे काम खासगी मालकांसाठीही करते. भारतात अशा प्रयोगशाळा मुख्यतः कारखाने आणि ट्रकवाल्यांसाठी असतात.

ऑइल निथळायला अर्धा तास तरी द्या. घाई केली की जुनं ऑइल आत राहतं आणि नव्यात मिसळतं.

फिल्टर उघडा, हीच खरी तपासणी

बॉक्स्टरचा फिल्टर पत्र्याच्या बंद डब्यात नसतो. कागदी काडतूस प्लास्टिकच्या टोपीत बसवलेलं असतं. टोपी काढायला ७४ मिलिमीटरचा, चौदा खाचांचा वाटीसारखा खास पाना मिळतो. टोपीत थोडं ऑइल साठलेलं असतं आणि ते मनगटावरून कोपराकडे ओघळतं, तेव्हा भांडं तिथेच राहू द्या. टोपी रिकामी करताना ते ऑइल पांढऱ्या कापडातून गाळा.

आता काडतूस हातात घ्या आणि कागदाच्या घड्या एकेक करून उलगडा. टॉर्च पुरत नाही. उन्हात न्या आणि कागद तिरपा धरा. रांगोळीत घालायच्या चमकीसारखे बारीक कण चमकताना दिसले तर त्यांच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक न्या. कण पिशवीला चिकटले तर ते पोलादाचे आहेत. न चिकटणारे करडे-पांढरे कण बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे टायमिंग चेनच्या गाइडचे असू शकतात. रबरासारखे लवचीक धागे सीलंटचे असतात, म्हणजे कुणीतरी आधी इंजिन उघडलं होतं. ‘गाडीला कधी पाना लागलेला नाही’ असं विकणाऱ्याने सांगितलं असेल, तर त्याला पुन्हा फोन करायला हरकत नाही.

पोलादी कणांची इतकी धास्ती का? या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा एक दांडा क्रँककडून चेनमार्फत कॅमशाफ्टकडे गती नेतो. त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. सील जुनं झालं की बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग झिजतं आणि तुटलं तर टायमिंग सुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इंजिन तिथेच संपतं. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं बेअरिंग होतं. साधारण २००० ते २००५ च्या गाड्यांत एकेरी रांगेचं आलं आणि सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच झाल्या. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या मॉडेलवरून सामूहिक खटला झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यानंतरच्या गाड्यांत मोठं बेअरिंग आलं, पण ते इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय निघत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. म्हणून मॉडेलचं वर्ष नीट माहीत असणं फिल्टर पाहण्याइतकंच महत्त्वाचं.

कागदावर अगदी एखाददुसरा कण दिसला तर वही काढून लिहून ठेवा आणि पुढच्या बदलाशी ताडून बघा. घडीघडीत पोलादी चमक दिसत असेल तर नवं ऑइल भरून ‘बघू कसं चालतंय’ असं करू नका. इंजिन सुरूच करू नका. पोर्शेचं काम करणाऱ्या जाणकाराला कागद दाखवा. हे बेअरिंग बदलायचं तर गिअरबॉक्स आणि क्लच उतरवावाच लागतो. म्हणूनच फिल्टर स्वच्छ असूनही क्लच बदलायला आला असेल, तर दोन्ही कामं एकत्र उरकणं शहाणपणाचं.

बंद करताना आणि भरताना

प्लगचं वायसर दरवेळी नवं घ्या. ते दबून बसण्यासाठीच असतं, दुसऱ्यांदा तसं बसत नाही. प्लग आधी हाताने फिरवा. सहज फिरला तरच आटे जुळले समजा. मग टॉर्क रेंचने ५० न्यूटन-मीटरपर्यंत कसा. फिल्टरच्या टोपीची रबरी रिंग नवी लावा, तिला थोडं ऑइल चोळा आणि टोपी २५ न्यूटन-मीटरवर थांबवा. चेंबर ॲल्युमिनियमचं आहे आणि टोपी प्लास्टिकची. लांब पान्यावर लटकून कसणाऱ्या मेकॅनिकला इथे नम्रपणे थांबवा. आटे गेले तर चेंबरच उतरवावं लागेल. हे आकडे वर सांगितलेल्या इंजिनांचे आहेत, २००९ नंतरच्यांसाठी त्यांचं पुस्तक बघा.

सगळं ऑइल एकदम ओतू नका. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा एक लिटर कमी भरा आणि इंजिन सुरू करा. ऑइल प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच इंजिन बंद. विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. दोन-तीन मिनिटांनी बंद करून खाली गळती बघा, मग पातळी पाहत थोडं थोडं वाढवा. ‘जास्त असलेलं बरं’ हे इथे लागू नाही. जास्तीचं ऑइल हवा आणि ऑइल वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधून सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि मागून पांढऱ्या धुराचे लोट निघतात.

‘इंजिन फ्लश’ नावाचं द्रावण ओतण्याचा आग्रहही होईल. ज्या इंजिनाचा इतिहास माहीत नाही, त्यात ते घालू नका. वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटला तर ऑइल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. तेच काम चांगलं ऑइल सावकाश आणि बिनधोक करतं.

जळकं ऑइल कुठे द्यायचं

गावाकडे जळकं ऑइल वाळवीसाठी दाराच्या चौकटींना, गोठ्याच्या लाकडांना फासतात. शहरात ते गटारात ओततात. दोन्ही नको. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा ते नियमित उचलून नेण्याची व्यवस्था असलेल्या गॅरेजकडे ते बंद डब्यात द्या. परदेशात बऱ्याच ठिकाणी सुट्या भागांची दुकानं किंवा नगरपालिकेची केंद्रं ते घेतात.

दुसरा बदल लवकर करा

पहिल्या फिल्टरने मागच्या मालकाच्या काळाची हकिकत सांगितली. तुमच्या काळाची हकिकत दुसरा सांगेल. म्हणून हजार-दीड हजार किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, नमुना पुन्हा घ्या, कागद पुन्हा उन्हात धरा. पहिल्या वेळचा वाळलेला कागद तारीख टाकून जपून ठेवला असेल तर दोन्ही शेजारी ठेवून ताडता येतील. मधल्या काळात किती ऑइल कमी झालं तेही लिहा. कण तेवढेच किंवा जास्त दिसले तर झीज चालू आहे, जाणकाराकडे जा. कमी झाले किंवा दिसलेच नाहीत, तर इंजिन बरं आहे. मग वर्षाला एक, किंवा आठ-दहा हजार किलोमीटरला एक, यातलं जे आधी येईल ते धरून चला.

तारीख, किलोमीटर, ऑइलचं नाव, फिल्टरचा नंबर, लिटर आणि कागदावर काय दिसलं, एवढं एका पानावर मावतं. गाडी विकायची वेळ आली की पुढचं गिऱ्हाईक नेमकं हेच पान शोधत असेल. आणि दुसरा फिल्टर स्वच्छ निघाला की गाडी झाकून ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी तिला अर्धा-पाऊण तास सलग पळवा, मग ते लोणावळ्यापर्यंत असो की ताम्हिणीच्या घाटात. पुरतं तापलेलं ऑइल ओल स्वतःच बाहेर टाकतं, आणि त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.